जुनेराची हकीकत

श्रीसटवाई प्रसन्न. जी सहावे दिवशी येऊन लेकराचे कपाळी लिहिते आणि काय लिहिले ते कोणास वाचू देत नाही, तिला नमस्कार करून, आणि जिच्या मांडीवर बसून हे अक्षर प्रथम गिरविले तिला स्मरून, ही हकीकत लिहिली असे. शके १९४६, संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु राज्यात हास्यविनोदच फार. मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, बुधवार, ते दिवशी दोन प्रहरी दरबार भरला. राज्य म्हणाल तर तिसरे मजल्यावरील तीन खोल्या आणि एक सज्जा, गादी म्हणाल तर वेताची खुर्ची, आणि गादीवर कुमुदिनीबाईसाहेब. राजेसाहेब कैलासवासी जाल्यावर बाईसाहेबांनी एकटीने राज्य राखिले, शाळेत भूगोल शिकविण्याची चाकरी पुरी केली आणि घरी बसल्या, तो इमारतीतील गर्भवती स्त्रिया विचारपुशीस येऊ लागल्या आणि मग दर बुधवारी दरबारच भरू लागला. राज्याचा कायदा एकच की, बाळ येण्याआधी त्याकरिता नवे कापड घरात आणू नये, आणि बाळ आले म्हणजे प्रथम जुनेरात घ्यावे. जुनेर म्हणजे नेसून नेसून आणि धुऊन धुऊन सायीसारखी मऊ जालेली सुती साडी. ती बाजारी मिळत नाही, माणसाचे अंगावरच तयार होते. बाईसाहेब उदार, त्यांनी आपली जुनेरे एकेक करून प्रजेस वाटिली. मग श्रावणमासी खबर आली की कन्या ऋजुताबाईंस दिवस गेले, तेव्हां हर्षाने पेटी उघडून पाहतात तो आंत डांबराच्या गोळ्या मात्र! मग बाईसाहेब हिरवी, तपकिरी काठाची, खरखरीत अशी नवी साडी काढून एक दिवसाआड तीच नेसू लागल्या.

तर ते बुधवारी ऋजुताबाई सातवा महिना घेऊन माहेरी आल्या होत्या, आणि तीन सरदारही हजर होते. एक शर्वरीबाई, औषधांच्या कारखान्यात तपासणीचे कामावर, स्वच्छतेच्या पक्षाच्या सेनापती. दुसऱ्या तस्लीमबाई, ज्यांचा एक मुलगा चार वर्षांचा आणि दुसरे पोटात, अनुभवाचे तोफखान्यावर मुखत्यार. आणि तिसऱ्या हेमांगीबाई, ज्या, जो शेवटी बोलेल त्याचे खरे मानीत, म्हणून त्यांस होयबाई असा किताब होता. मधोमध मटारच्या शेंगांची रास, आणि सोलता सोलता युद्धास तोंड लागले ते चोखणीवरून. चोखणी म्हणजे रबराचे रिकामे बोंड, त्यात दूध नाही, पाणी नाही, केवळ लेकरू उगी राहावे म्हणून मुखी देतात. शर्वरीबाई बोलल्या, “बाळाच्या हाताला जे जे लागतं ते उकळायचं. बाटली, खुळखुळा, सगळं. आणि चोखणी तर घरात आणायचीच नाही.” तस्लीमबाई बोलल्या, “आणि नवरा? तोही बाहेरूनच येतो. त्याला केवढं पातेलं लागेल?” दरबारात एकच हशा जाला. मग तस्लीमबाईंनी आपली जुनी लढाई सांगितली की, “आमचा अर्शद एसटीत रडायला लागला. चोखणी पडली खाली, थेट कंडक्टरच्या पायाशी. मी काय स्टोव्ह घेऊन फिरत होते? उचलली, आपल्या तोंडात घालून चोखली, आणि दिली त्याच्या तोंडात.” “ई! तस्लीम!” “ई काय? गाडी शांत झाली. कंडक्टर म्हणाला, ताई, दुसरी असेल तर मागच्या सीटवरच्या काकांना पण द्या.” हे ऐकून बाईसाहेबांस इतके हसू आले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हेमांगीबाई शर्वरीबाईंकडे पाहून “होय, उकळायलाच हवं” म्हणाल्या आणि तस्लीमबाईंकडे पाहून “होय, गाडीत कुठे उकळणार” म्हणाल्या, आणि दोन्ही पक्षांनी त्यांस शेंगा फेकून मारिल्या.

मग विषय निघाला चादरीचा, कारण अर्शदमियां आपली फाटकी चादर अजून घरभर ओढीत फिरतात. शर्वरीबाई बोलल्या की मूल दीड वर्षाचे जाले म्हणजे ऐसे कापड काढून घ्यावे, नाही तर सवय जडते आणि कापडात जंतू होतात. यावर बाईसाहेब कन्येकडे पाहून बोलल्या, “आमच्या हिची चिंधी होती. माझ्या पदराचा कोपरा. तो मुठीत असल्याशिवाय डोळा मिटायची नाही, शेवटी कापूनच दिला.” “मग धुवायचात कशी, मावशी?” शर्वरीबाईंनी विचारिले. “तीच तर लढाई! धुतलेली नाकाला लावायची, साबणाचा वास आला की फेकून द्यायची आणि भोकाड पसरायची. मग मी काय करायची, दुपारी झोपली की मुठीतून हळूच सोडवायची, धुवायची, उन्हात टाकायची. एवढीशी चिंधी, वाळायला कितीसा वेळ? आणि ही उठेपर्यंत कमरेला खोचून स्वयंपाकघरात वावरायची. फोडणी, घाम, सगळं लागलं की परत मुठीत. आजवर पत्ता नाही तिला!” दरबार हसला. ऋजुताबाई शेंग सोलीत होत्या, त्या हसल्या मात्र, बोलल्या काही नाहीत. तस्लीमबाई बोलल्या, “मावशी, तुम्ही लेकीच्या वाटणीची जुनेरंसुद्धा आम्हाला देऊन टाकलीत, हे काही बरं नाही.” बाईसाहेबांनी पदर झटकून दाखविला आणि बोलल्या, “तिची वाटणी माझ्या अंगावर आहे. अजून टोचते, पण वळणावर येतेय.” मग चोखणीचा निवाडा करा म्हणून उभय पक्षांनी गळ घातली, तेव्हां बाईसाहेबांनी सोललेल्या मटाराचे पातेले उचलिले आणि आज्ञा केली, “पुढच्या बुधवारी. आता घरी जा, पाय वर घेऊन बसा.” दरबार बरखास्त जाला. संध्याकाळी बाईसाहेबांनी हिरवी साडी बदलिली आणि उद्या धुवू म्हणून खुर्चीच्या पाठीवर टाकिली.

दुसरे दिवशी प्रातःकाळी बाईसाहेब सज्ज्यातील झाडांस पाणी घालून खुर्चीवर बसल्या, “चहा ठेवतेस का गं” म्हणाल्या, आणि चहा येण्याआधी कैलासवासी जाल्या. ते दिवसाविषयी याउपर लिहिणे नाही.

जावईबापू परमुलखी चाकरीस होते ते धावत आले, आप्तइष्ट आले, दिवस जाले, आणि आप्तइष्ट गेले, आणि रजा संपली तेव्हां जावईबापूही डोळे भरून गेले. ऋजुताबाईंनी ती हिरवी साडी उचलून आपले उशाशी नेली होती. तिला हळदीचा डाग होता, काठास मटाराचे साल चिकटले होते, आणि त्या ती कोणास धुवू देत नव्हत्या. राज्यास धनी नाही ऐसे तीन बुधवार गेले आणि चवथे बुधवारी तिघी सरदार आपापली पोटे सावरीत जिना चढून आल्या. खुर्चीवर कोणी बसेना. मग शर्वरीबाईंस, ज्यांचे हात रिकामे राहात नसत, उशाजवळची साडी दिसली, आणि भल्या हेतूनेच त्या बोलल्या, “ही धुवायची राहिली वाटतं, मी नेते, गरम पाण्यात काढून आणते,” आणि एक टोक धरिले. ऋजुताबाईंनी दुसरे टोक धरिले आणि ओरडल्या, “हात लावू नकोस!” महिनाभरात त्या घरात इतका मोठा आवाज जाला नव्हता. एक गर्भवती इकडे, एक गर्भवती तिकडे, मधे साडी ताणलेली. तेव्हां तस्लीमबाई शांतपणे बोलल्या, “शर्वरी, सोड. आमच्या अर्शदची चादर ओढली की तो असाच ओरडतो.” ऋजुताबाईंस आधी रडू आले आणि त्यातच हसू आले, आणि नाक पुसून त्यांनी विचारिले, “काढून कितव्या वर्षी घ्यायची असते म्हणालीस, शर्वरी?” शर्वरीबाईंनी टोक सोडिले, खाली बसल्या, आणि बोलल्या, “दीड म्हणाले होते. पण एकतिसाव्या वर्षीसुद्धा घाई करू नये.” आणि मग चौघी रडल्या आणि चौघी हसल्या.

परंतु पेच सुटला नाही. साडी न धुवावी तर जुनेर होत नाही, आणि बाळ माघात येणार. धुवावी तर आईसाहेबांचा वास जातो, आणि तो पुन्हा कोठून आणावा? तेव्हां हेमांगीबाई, ज्यांनी स्वतःचे ऐसे मत दरबारात कधी दिले नव्हते, त्या बोलल्या, “मावशींनी सांगितलं होतं ना. धुवायची आणि मग कमरेला खोचायची.” “मावशी नाहीत, हेमांगी,” शर्वरीबाई बोलल्या. “माहीत आहे. पण जुनेर ऋजुताच्या बाळाचं आहे. त्याला वास कुणाचा लागेल? त्याच्या आईचा ना? मग ऋजुता नेसेल.” कोणीच होय म्हणाले नाही, कारण होय म्हणणारीच बोलत होती. ऋजुताबाईंनी साडी मांडीवर ओढली. मग एकदा तोंडाशी नेली, मटाराचे साल काढून मुठीत ठेविले, आणि साडी आपल्या हाताने शर्वरीबाईंचे हाती देऊन बोलल्या, “उकळायची नाही. कोमट पाणी.”

मग काय विचारता! मोहीम सुरू जाली. शर्वरीबाई म्हणत जंतुनाशक घालू, तस्लीमबाई म्हणत रंग जाईल, अखेर तह जाला की रिठ्याच्या पाण्यात धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. परंतु एकटी ऋजुताबाई माघापर्यंत किती नेसणार? तेव्हां तस्लीमबाई बोलल्या, “मावशींनी आम्हा तिघींना स्वतःच्या अंगावर मऊ केलेली जुनेरं दिली. आता आमची अंगं काय कामाची?” आणि मग ती साडी दर दिवशी एकीकडे, ऐसे ठाणे बदलीत फिरू लागली. तस्लीमबाई नित्य सलवार-कमीज घालणाऱ्या, त्यांनी नेसली तो निऱ्या पोटावर राहीनात, त्यांच्या सासूबाई बोलल्या, “सूनबाई, गलबताला शीड लागलंय जणू.” शर्वरीबाई नेसून कारखान्यात गेल्या आणि वरून पांढरा अंगरखा घालून कोणाचाही हात लागू दिला नाही. हेमांगीबाईंनी नेसली आणि तिजवर आमटी सांडिली, तेव्हां इतर सरदारांनी अपराध न मानता शाबासकी दिली की, एक धुणे वाढले. शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात बाईसाहेबांनी सोललेले मटार तसेच होते, त्यास कोणी हात लावीत नव्हते. एके बुधवारी ऋजुताबाईंनीच ते काढिले, उसळ केली, आणि चौघींनी भांडत भांडत खाल्ली. आणि शेवटचे पंधरवड्यात साडी ऋजुताबाईंचेच अंगावर राहिली, आणि ती आता टोचत नव्हती.

माघ वद्य पक्षी प्रातःकाळी ऋजुताबाईंस कळा सुरू जाल्या आणि सूतिकागृही स्वारी गेली. तेथील परिचारिका बोलल्या की घरचे कापड चालत नाही, आमचेच घ्यावे. तेव्हां स्वच्छतेच्या सेनापती शर्वरीबाई, आठवा महिना सरत आलेला, पोट पुढे करून उभ्या राहिल्या आणि बोलल्या, “सिस्टर, ही मी स्वतः धुतलीये, उन्हात वाळवलीये, दोन्ही बाजूंनी इस्त्री केलीये. तुमच्या टॉवेलची मला खात्री नाही. हिची आहे.” जावईबापू वाटेवरच होते, म्हणून बाहेर बाकावर तस्लीमबाई आणि हेमांगीबाई बसून राहिल्या. परिचारिकांनी हार मानिली. कन्यारत्न जाले. तिला जुनेरात घेतिले, आणि तिने रडणे थांबवून काठ मुठीत धरिला. मोठा उत्सव जाला, आणि होयबाईंनी जिना उतरता उतरता पेढे संपविले.

चोखणीचा निवाडा गादीवरून कधीच जाला नाही, तो लेकरांनी केला. तस्लीमबाईंच्या धाकटीने चोखणी थुंकून दिली, आणि शर्वरीबाईंच्या चिरंजीवांनी तीन संध्याकाळी इमारत डोक्यावर घेतिली, तेव्हां सेनापती स्वतः तस्लीमबाईंच्या दारी शरण गेल्या. पुढे एकदा ती चोखणी जिन्यात पडली, आणि शर्वरीबाईंनी वर पाहिले, खाली पाहिले, आणि उचलून आपल्या तोंडात घातली. हेमांगीबाई वरच्या पायरीवर होत्या. त्या केवळ “होय” म्हणाल्या.

येणेप्रमाणे हकीकत जाली. क्रोधी संवत्सर सरले, राज्य राहिले, बुधवारचा दरबार चालला, आणि हिरवे जुनेर आता इतके मऊ आहे की हाती घेतले तर कापड धरले की ऊन, समजत नाही. काल दोन प्रहरी लेक निजली होती आणि जुनेर दुधाने आंबले होते, म्हणून ऋजुताबाईंनी तिच्या मुठीतून ते हळूच सोडवून घेतिले, तो लेकीचा एक डोळा किंचित उघडला, आईकडे पाहिले, आणि मिटला. ऋजुताबाई जुनेर धुऊन, उन्हात वाळवून, कमरेला खोचून वेताच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या, आणि घरात दुसरे कोणी नसता मोठ्याने बोलल्या:

“आई, मी जागी असायचे गं. तू मुठीतून चिंधी सोडवायचीस तेव्हा मी जागी असायचे. तू ती कमरेला खोचून फिरायचीस, ते मी एक डोळा उघडून बघत पडून राहायचे. मला सगळं माहीत होतं.”