गणपतरावांनी नावं ठेवलेली रायफल

खरेदीत गणपतरावांना आजवर कुणी फसवलं नव्हतं. निदान ते स्वतः तसं रोज सांगत, आणि गडमुडशिंगीच्या कट्ट्यावर एखादी गोष्ट रोज सांगितली की लोक तिला खरी धरून चालतात. जन्मभर त्यांनी जनावरांच्या बाजारात दलाली केलेली. म्हशीच्या पाठीवर नुसता हात फिरवून ती किती दूध देईल, लाथ कुठल्या पायानं मारेल आणि विकणारा किती खोटं बोलतोय, हे तिन्ही सांगायचे! तेव्हा नातीला, म्हणजे क्रांतीला, नेमबाजीसाठी स्वतःची रायफल घ्यायचं ठरलं, तसे ते खाटेवर उठूनच बसले.

"रायफल मी आणणार! कुणी मधी तोंड घालायचं न्हाय. म्हशी बघितल्या, ट्रॅक्टर बघितला, दोन जावई बघितलं. कुठं खोट निघाली काय?"

"धाकट्या जावयाचं तेवढं नाव काढू नकासा," चुलीपाशी बसलेल्या बायडाबाई म्हणाल्या.

गणपतरावांनी ते ऐकलं नाही. बायकोचं कधी ऐकायचं नाही, हे त्यांच्या कानांना आता सवयीनं समजत होतं.

रायफलीची निकड खरीच होती. क्रांती कोल्हापुरात श्यामला मॅडमकडे शिकायची. तिथं क्लबची रायफल एक आणि पोरी तिघी. सरावाला पाळी लावून चालायचं, पण रविवारी राज्याच्या संघासाठी निवड होती आणि तिघींना एकाच वेळी उभं राहायचं होतं. जिच्याकडे स्वतःची रायफल नाही, तिनं घरी बसायचं! क्रांती गेलं वर्षभर या एका रविवारासाठी पहाटे उठत होती.

"आजोबा, नीट ऐका," तिनं त्यांना समोर बसवलं. "पॉइंट वन सेव्हन सेव्हनच आणायची. बारीक नळी. साडेचार मिलिमीटरचा छर्रा. दुसरी असते पॉइंट टू टू, ती जाड. ती आणली तर मला लाइनवर उभंच करणार न्हाईत."

"म्हंजी एकशे सत्त्याहत्तर बारीक, आन् बावीस जाड?"

"व्हय."

"शाळंत हे असलं शिकिवत्यात व्हय गं?"

"अवो, आधी पॉइंट हाय की!"

"एवढ्याशा ठिपक्यानं बावीस एकशे सत्त्याहत्तरावर चढलं?" गणपतरावांनी कपाळ चोळलं. डोक्यात आकडे आट्यापाट्या खेळायला लागले. शेवटी त्यांनी एवढंच धरून ठेवलं, की आकडा मोठा आणि नळी बारीक. त्यांनी ते तिच्यासमोर म्हणून दाखवलं, तेव्हा कुठं तिनं सोडलं.

"मी येतो की संगं," क्रांती म्हणाली.

"खुळी हायस काय? तुझ्या डोळ्यांत हौस दिसतीया. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत हौस दिसली की इकणारा डोक्यावर बसतोय. तू घरात बस!"

झालं. डोक्याला फेटा, खांद्यावर टॉवेल, आणि गणपतराव कोल्हापुरात दुकानाच्या पायऱ्या चढले.

दुकान होतं मोहित नावाच्या पोरसवदा माणसाचं. शहरी, गोड बोलणारा, समोरच्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा. बाजारात असला माणूस गणपतरावांच्या नशिबी कधी आला नव्हता, त्यामुळे त्यांना पहिल्यापासूनच त्याचा संशय आला. त्यात बाकावर चहा पीत बसलेला माणूस ओळखीचा निघाला. कागलचा केरबा! बाजारात जन्मभर यांच्यासमोर उभा राहिलेला दलाल. याच्या म्हशीचा भाव त्यानं पाडायचा आणि त्याच्या बैलाचा यानं, असाच दोघांचा स्नेह.

"काय गणप्या, हिकडं कुठं?"

"असंच. सावलीला आलतो," गणपतराव म्हणाले. "तू?"

"मीबी सावलीलाच. आमचा आदर्श म्हणतोय, आजा, डबं पाडायला बंदूक पायजे. म्हटलं बघून तरी येऊ."

मोहितनं काउंटरवर दोन रायफली ठेवल्या. एकच बनावट, एकच रंग, जुळ्या बहिणी जशा. "काका, ही पॉइंट वन सेव्हन सेव्हन, ही पॉइंट टू टू. कॅलिबर तेवढं वेगळं."

गणपतरावांनी मनातल्या मनात म्हटलं, आकडा मोठा, नळी बारीक. डाव्या हाताची. हीच आपली!

आता बाजाराचा एक रिवाज आहे. जे जनावर हवं असतं, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. बघितलंच तर नावं ठेवायला. आणि शेजारच्या जनावराची तोंडभरून स्तुती करायची. विकणाऱ्याला कळतं, की याला कुठलं पाहिजे. घेणाऱ्याला कळतं, की त्याला कळलंय. तरी दोघं चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत, आणि सौदा होतो. गणपतरावांना दुसऱ्या पद्धतीनं साधी मिरचीसुद्धा घेता येत नसे.

"ही कसली वो?" त्यांनी बारीक नळीकडे बघून नाक मुरडलं. "हिच्यातनं मुंगी तरी पार हुईल काय? अंगावर मांस न्हाय, मान बारीक! दावणीला बांधली तर शेजारी इचारतील, आजारी हाय काय म्हणून!"

"काका, ती स्पर्धेची—"

"स्पर्धेची? ही उभी ऱ्हाईल का तितं? आन् ही बघा!" त्यांनी जाड नळीच्या रायफलीवर प्रेमानं हात फिरवला. "ही बघा, कशी भरली हाय! काय रुबाब! हिला बघूनच समोरचं टारगेट आपल्या पायानं चालत यील!"

मोहित भारावून गेला. एवढी पारख असलेलं गिऱ्हाईक त्याच्या दुकानात कधी आलं नव्हतं. गणपतरावांनी मग खांद्यावरचा टॉवेल काढून उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. बाजारात भाव असा टॉवेलाखाली, बोटं दाबून ठरतो.

"काका, हाताला लागलंय का काही?" मोहितनं काळजीनं विचारलं.

"हात घाला आत!"

मोहितनं भीतभीत हात घातला. गणपतरावांनी त्याची बोटं अशी काही पिळली, की त्या बिचाऱ्यानं "काका, तुम्ही म्हणाल तसं!" म्हणून हात सोडवून घेतला. बाकावर केरबा गालात हसत होता.

"तुमास्नी समजलंय न्हवं, मला काय पायजे ते?" गणपतरावांनी डोळा बारीक करून विचारलं.

"समजलं की काका! न समजायला काय झालं?"

मग समजलंच. गणपतराव पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले. माल बांधताना त्याच्याकडे टक लावून बघणं म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा अपमान! मोहितनं खोकं चिकटपट्टीनं गच्च बंद केलं, आणि गणपतराव लढाई जिंकल्यासारखे पायऱ्या उतरले.

घरी निम्मी गल्ली जमली होती. क्रांतीनं खोकं फोडलं, बायडाबाईंनी रायफलीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला. आदल्या बैलपोळ्याची उरलेली झूलही कुणीतरी घालायला आणली होती, ती क्रांतीनं हातानंच परतवली. मग तिनं आपल्या डबीतला छर्रा काढला, रायफलीत घातला आणि पट्टा नीट करायला नळी खाली केली.

टिक्!

छर्रा नळीतून घरंगळून फरशीवर पडला. क्रांतीनं दुसरा घातला.

टिक्!

"अगं बया!" बायडाबाईंनी तोंडाला पदर लावला. "हिला ढाळ लागल्याती काय?"

गल्ली खदाखदा हसली. क्रांती हसली नाही. तिनं नळीवरचं कोरलेलं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि रायफल हळूच खाटेवर ठेवली.

"आजोबा, ही टू टू हाय. जाड नळी. माझा छर्रा हिच्यात थांबणारच न्हाय." एवढं बोलेपर्यंत तिचा आवाज ओला झाला. "रविवार परवा हाय वो आजोबा."

"आसं कसं हुईल? मी तर हिचं कवतिक केलतं!"

"मग त्यो हीच देणार की!"

"कवतिक केल्यावर?" गणपतराव खरोखरच गोंधळले. "जिचं कवतिक करतोय, तीच कोण घरी आणंल?"

क्रांतीनं दुकानाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मोहितचा आवाज आनंदानं भरलेला होता. "काय काका, कशी आहे रायफल? बदलून? बदलून दिली असती हो, पण ती दुसरी गेली! तुमच्यामागं बाकावर काका बसले होते ना, त्यांनी तुम्ही गेल्याबरोबर घेतली. म्हणाले, गणप्या जिला एवढी नावं ठेवतोय, ती शंभर टक्के खरी असणार. नवी यायला आठवडा तरी लागेल."

गणपतराव मटकन खाटेवर बसले. आपली विद्या ज्याला पुरती समजते असा अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस, आणि तो नेमका त्या बाकावर बसला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळीच आजोबा आणि नात मोटरसायकलवरून कागलला निघाले. मागं बसलेल्या क्रांतीच्या मांडीवर जाड नळीचं खोकं. वाटेत गणपतराव डाव रचत होते. आधी सहज गेल्यासारखं दाखवायचं, मग बारक्या नळीला शिव्या घालायच्या, मग...

"आजोबा," मागून आवाज आला, "आज डाव न्हाय. आज नुसतं खरं बोलायचं. माझी शपथ."

केरबासमोर खरं? लोकांत अंगरखा काढून उभं राहण्यासारखं होतं ते! पण पोरीनं रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी गाडी जरा जोरात हाणली.

केरबा अंगणातच बसला होता. त्याचा नातू आदर्श पेरूच्या झाडाला डबे टांगत होता. बारीक नळीची रायफल खाटेवर, अजून वापरलेलीसुद्धा नाही.

"केरबा," गणपतराव घसा खाकरून म्हणाले, "तुझी ही बारीक नळी लई चांगली हाय. माझ्या नातीला हीच लागती. उद्याच्याला न्हाय मिळाली तर तिचं सगळं वरीस पाण्यात जातंय. माझी ही जाड नळी आमच्या काय कामाची न्हाय. बदलून दे."

केरबाच्या हातातली तंबाखू हातातच राहिली. त्यानं गणपतरावांच्या तोंडाकडे बघितलं. मग खाटेवरच्या रायफलीकडे. मग खोक्याकडे.

"चांगली हाय म्हणतोस? ही?"

"एक नंबर!"

"आन् तुझी कामाची न्हाय?"

"आमच्या न्हाय. डबं पाडायला कुठलीबी चालंल. खरं सांगतोय, आईशप्पत!"

बस्स! केरबानं हातातली तंबाखू झटकली. गणप्या एखाद्या वस्तूला चांगली म्हणतोय? तेही शपथ घेऊन? म्हणजे काल दुकानात हा उलटा नाही, सुलटाच बोलत होता! आपण बाकावर बसलोय हे ओळखून यानं मुद्दाम खरं बोलून आपल्या गळ्यात हा रोडका माल बांधला, आणि आज त्याचं कौतुक करून, बदलून मागायचं सोंग आणून, तो कायमचा आपल्याकडेच ठेवायला लावतोय!

"आलं ध्यानात!" केरबा ताडकन उठला. "आदर्श, ती बारकी दे त्यांना. आन् ती जाड आत ने, पळ! आता माघारी फिरायचं न्हाय हं गणप्या, पोरीसमोर सौदा झालाय!"

"आरं, पर मी खरंच—"

"बोलू नको! जलमभर मला फशिवलंस, आज घावलास!"

गणपतराव आणखी एकदा खरं सांगायला तोंड उघडणार होते. मागून क्रांतीनं त्यांचा सदरा ओढला.

कोल्हापूरच्या बाजारात दुपारपर्यंत बातमी पसरली, की केरबानं गणप्याला भर अंगणात गंडवलं. ओळखीच्या दलालांचे फोन येत राहिले. "व्हय, गंडलो," एवढंच गणपतराव म्हणत, आणि फोन ठेवून मिशीवरून हात फिरवत. जन्मात पहिल्यांदा त्यांना गंडल्याचं काही वाटत नव्हतं. म्हणजे वाटत होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं.

रविवारी रायफल तपासणीतून पार झाली. क्रांती लाइनवर उभी राहिली, आणि गणपतराव मागच्या खुर्चीत श्वास धरून बसले, जणू श्वास सोडला तर तिचा नेम हलेल. निकालात क्रांतीचं नाव दिसलं तेव्हा त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली, की त्याचा चष्मा पडला.

"पावणं, माफ करा! नात हाय माझी!"

श्यामला मॅडम जवळ आल्या. "छान रायफल निवडलीत हो. कोणी निवडली?"

गणपतरावांनी छाती फुगवली, फेटा सारखा केला आणि तोंड उघडलं.

"कागलच्या केरबाआजोबांनी," क्रांती म्हणाली.

दुपारी ताटं मांडली. क्रांतीनं बायडाबाईंना सगळी हकिगत रंगवून सांगितली होती. काय, की आजोबांना जे आवडतं त्याला ते नावं ठेवतात, आणि जे नको असतं त्याची स्तुती करतात. लग्न झाल्यापासून बायडाबाईंच्या आमटीला या माणसानं रोज नावं ठेवली होती. कधी पाणचट, कधी खारट, कधी मसाला कच्चा. आज त्यांना एकदम त्या साऱ्या आमट्या आठवल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी वाटीत आमटी वाढली, भाकरीवर तुपाची धार जरा लांबवली आणि समोर बसून वाट बघायला लागल्या.

गणपतराव सकाळपासून खुशीत होते. खरं बोलल्यानं काय काय होतं, हे त्यांनी नुकतंच अनुभवलं होतं. आता आयुष्यभर खरंच बोलायचं, असा त्यांनी येताना गाडीवर निश्चयही केला होता. त्यांनी आमटीचा भुरका मारला आणि मनापासून म्हणाले,

"झकास! आसली आमटी जलमात खाल्ली न्हाय!"

बायडाबाईंनी ताट उचललं.