पुठ्ठेवाले गुल्हाने गुरुजी

लग्नपत्रिका हातात आली की माणूस तारीख बघतो. गुल्हाने गुरुजी पत्रिका उलटी करून तिची पाठ कोरी आहे का ते बघत. कोरी असली, तर उरलेल्या फेकू नका, मला आणून द्या, असं वरबापाला तोंडावर सांगत आणि मग अभिनंदन करत.

माझी बदली मेळघाटातल्या त्यांच्या शाळेत झाली. अमरावतीहून परतवाड्यापर्यंत एसटी, पुढे जीप. पहिल्याच दिवशी जीपमध्ये शेजारच्या गृहस्थांनी साडीच्या रिकाम्या खोक्यांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. मी नाव सांगायला लागले, तर म्हणाले, "पहिले पुठ्ठा, मंग गोठ." गठ्ठा नीट धरला आहे याची खात्री पटल्यावरच त्यांनी माझी विचारपूस केली. तेच गुल्हाने गुरुजी.

पुठ्ठा कशाला, ते शाळेत कळलं. आमची पहिलीतली मुलं घरी कोरकू बोलत आणि पुस्तक मराठीत. गुरुजी पुठ्ठ्याचे पत्ते कापत. मधे चित्र, वर कोरकू शब्द, खाली मराठी. चित्रकलेशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. त्यांचा बैल आणि त्यांची शेळी यांत फरक काय तो खालच्या शब्दाचा. शब्दांच्या बाबतीत मात्र कमालीचे काटेकोर. तीन वेगवेगळ्या माणसांनी सारखा उच्चार केल्याशिवाय ते पेन उघडत नसत. एकदा एका शब्दावरून त्यांनी दोन गावच्या दोन म्हाताऱ्यांत वाद लावून दिला आणि तो ऐकता ऐकता शेवटची जीप घालवली.

तपासणीला आलेले एक साहेब पत्ते लावलेल्या भिंतीपुढे थबकले. तिथं वाघ होता आणि त्याच्यावर ठळक अक्षरांत 'कुला'. कोरकूत वाघाला कुला म्हणतात. मराठीत तो शब्द बसायच्या जागेचा. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि हे लहान मुलांसमोर शोभतं का, असं हलक्या आवाजात विचारलं.

"साहेब, हासू तुमाले येऊन राहिलं," गुरुजी म्हणाले. "पोट्टे नाही हासून राहिले. त्यायले वाघच दिसते."

साहेबांनी शेरा लिहिला, 'साहित्य स्थानिक आहे.' ही स्तुती की टीका, यावर गुरुजी आठवडाभर विचार करत होते.

घर अकोटला, तिथं बायको आणि मुलगा; पण रविवारसुद्धा गुरुजी पत्ते कापण्यात घालवत. निवृत्तीला दोन वर्षं उरली, आता छापील पुस्तिकाही मिळतात, मग एवढा आटापिटा कशासाठी, असं मी एकदा विचारलं. त्यांनी कात्रीच्या धारेचा विषय काढला.

जूनमध्ये एक बाई धाकट्या मुलीचं नाव घालायला आली. इतकी वर्षं सासरी होती, आता माहेरच्या गावी राहायला आली होती. गुरुजी अर्ज भरत होते. आईचं नाव म्हणून तिनं स्वतःचं, सुगराय, सांगितलं, मग गावात कुणाची म्हणून स्वतःच्या वडिलांचं नाव सांगितलं, आणि गुरुजींचा हात थांबला. तिनं एवढंच विचारलं, की इथं पोरीचं बोलणं कुणाला समजतं का. एरवी कोरकूवर अर्धा तास बोलणारे गुरुजी नुसती मान हलवून राहिले.

ती गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. तेविसाव्या वर्षी त्यांची पहिली नेमणूक याच शाळेत झाली होती. वर्गातली एक मुलगी सारखी त्यांच्याकडे बघून 'दा, दा' म्हणायची. गुरुजींना वाटलं, ही आपल्याला दादा म्हणते, सलगी करते. 'गुरुजी' म्हणेपर्यंत उभी राहा, असं त्यांनी बजावलं. ती शाळा सुटेपर्यंत उभी राहिली. रडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही. सहा महिन्यांनी हापशीवर एका म्हातारीच्या तोंडून त्यांना कळलं, की दा म्हणजे पाणी.

"हेच ते सुगराय," ते म्हणाले. "तिनं मले वयखलं नाही. म्या सांगाले पाह्यजे होतं काय, मॅडम?"



दुसऱ्या दिवशी सकाळी सुगराय मुलीला सोडायला आली तेव्हा गुरुजी फाटकापाशी गेले. मी व्हरांड्यातून बघत होते. ते कोरकूत बोलत होते, अडखळत, हात मागे बांधून. ती खाली बघत ऐकत होती. मग तिनं थोडक्यात काहीतरी सांगितलं, मुलीचा हात त्यांच्या हातात दिला आणि ती निघून गेली.

काय म्हणाली, असं मी विचारलं.

"म्हणे, मले काही आठवत नाही," गुरुजी म्हणाले. "पण पोरीले तुमच्याच वर्गात बसवा, म्हणे."

मुलगी त्यांचं बोट धरून वर्गात बघत उभी होती, आणि गुरुजी ते सोडवून घेत नव्हते. त्या दिवशी पहिलीची हजेरी मी घेतली.