छकुलीचा आदर्श जबाब

पांढरं. मिरच्या पाच, लिंबू एक.
चार, सात, सात, एक.
दिवा फुटला. डावा.
‘आबा, थांबू नगा.’
चाक फिरतंय. दूध सांडलं.
मागनं लाल. लाल थांबलं.

न्याय आंधळा असतो. म्हणून त्याला साक्षीदार लागतो. साक्षीदाराला प्रश्न लागतो, आणि प्रश्न शहाण्याने विचारलेला असेल तर त्यात उत्तर आधीच घातलेलं असतं. नोव्हेंबर १९९४ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात (नाव लिहीत नाही, एकाच ठाण्याला सगळं श्रेय नको) हे तत्त्व पूर्णत्वाला पोचलं.

हकिकत अशी. सणसरजवळ सायकलवरून दूध घालणाऱ्या गेणबाला भर सकाळी एका वाहनाने उडवलं. वाहन निघून गेलं. मागून आपला लाल ट्रॅक्टर घेऊन दादासो येत होता. त्याने गेणबाला ट्रॉलीत घालून बारामतीला दवाखान्यात पोचवलं. गेणबा वाचला नाही. ट्रॉलीत रक्त सापडलं. ज्याच्या ट्रॉलीत रक्त त्याचीच धडक, असा निष्कर्ष निघाला व दादासोला आत घेतलं. (न थांबता पुढे गेलेल्या इतर अकरा वाहनांत रक्ताचा थेंबही नव्हता. त्यांना कसलाही त्रास झाला नाही.)

पाहणारी एकच. दादासोची नऊ वर्षांची छकुली, मैलाच्या दगडावर बसलेली. पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्या कागदावर ‘स्वमग्न’ लिहिलं होतं. गावात याला ‘आपल्याच नादात’ म्हणतात, ठाण्यात ‘सहकार्य करत नाही’. कागदावर पुढे असंही होतं: हिला प्रश्नात उत्तर घालून विचारू नका, तुमचेच शब्द परत मिळतील. गप्प बसा, वेळ द्या, ती पहिल्यापासून सांगेल. हवालदार झुंबररावांनी हा कागद न वाचता फाइलीला नीट टोचला. तो आजही तिथे सुखरूप आहे.

पंच म्हणून गावचे आबासाहेब आले. स्वतःच्या जीपने आले, हा त्यांचा मोठेपणा.

‘बापानं धडक दिली, व्हय?’ झुंबररावांनी विचारलं.

‘बापानं धडक दिली, व्हय,’ छकुली म्हणाली.

‘लई जोरात?’

‘लई जोरात.’

प्रश्न एकेचाळीस. होकार एकेचाळीस. उत्तराला लागलेला वेळ सरासरी दोन सेकंद. ‘आठवत नाही’: निरंक. मोठी माणसं जबाबात स्वतःचे शब्द घुसडतात; छकुलीने हा उद्धटपणा एकदाही केला नाही.

मग चहा आला. चार मिनिटं कुणीच काही विचारलं नाही. छकुली खिडकीबाहेर बघत आपणहून बोलू लागली.

‘सायेब, ऐका की, ती सांगतीया,’ तिची आई बनाबाई म्हणाली.

‘वैनी, चा तरी पिऊ द्या.’

(ही चार मिनिटं कागदोपत्री ‘चहापान’ म्हणून आहेत.)

चहा संपल्यावर बनाबाई उठली. ‘छकुले, धडक हवालदारसायबानं दिली, व्हय?’

‘धडक हवालदारसायबानं दिली, व्हय.’

आबासाहेबांची बशी वाजली.

‘पोरीला पढवताय व्हय, बनाबाई?’ झुंबरराव गरजले.

‘मी एकदाच पढवलं, सायेब. तुमी सकाळधरनं पढवताय.’

हे बेचाळिसावं उत्तर लिहून घेतलं नाही; कागद संपला होता. उरलेल्या एकेचाळीस उत्तरांखाली छकुलीचा अंगठा घेण्यात आला. आबासाहेबांनी झोकात सही केली. त्या कागदावर दादासोला दोन वर्षांची शिक्षा लागली.

चहाच्या वेळची बडबड बनाबाईला पाठ आहे. तिच्याकडून उतरवून घेऊन मी ती एक शब्द न बदलता वर, सुरुवातीलाच छापली आहे. तुम्ही ती वाचलीत. लेखकाचा नखरा म्हणालात, आणि खरी गोष्ट कुठे सुरू होते ते बघायला खाली उतरलात. झुंबररावांच्या हातात निदान कप तरी होता.

जबाबाच्या दिवशी ठाण्याच्या आवारात, खिडकीसमोर, एक पांढरी जीप उभी होती. तिचा डावा दिवा नवा होता.