मागच्या कोपऱ्यातले उस्ताद

"उद्या मी तुमच्याबरोबर बागेत येणार आहे," रुईझेन म्हणाली. "तुमची ताई-ची एकदा डोळ्यांनी बघते आणि मग शेन्झेनचं तिकीट काढते."

तिच्या नवऱ्याच्या, कांग बाओशान यांच्या, घशात पेजेचा घोट अडकला. त्यांना असा ठसका लागला की रुईझेनला उठून पाठीत दोन धपाटे घालावे लागले.

"येच ना," श्वास जाग्यावर आल्यावर ते म्हणाले. "बघण्यासारखंच असतं."

आता खरं काय ते सांगून टाकतो. कांग बाओशान गेले तीन महिने रोज सकाळी ताई-ची करतात, असं यांगचौमध्ये फक्त एकाच व्यक्तीला वाटतं, असं ते धरून चालले होते, आणि ती व्यक्ती त्यांच्या घरात राहत होती. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाचा आकडा बघून सांगितलं होतं, "काका, ताई-ची करा. संथ कवायत असते, पैसे पडत नाहीत, पळावं लागत नाही. गुडघे सुधारतील, झोप लागेल, डोकं थंड राहील." रुईझेनने त्याच आठवड्यात पांढऱ्या सुती कापडाचा ढगळ पोशाख शिवला. तो घालून बाओशान रोज सहाला निघायचे, कालव्यावरचा पूल ओलांडायचे, बागेच्या फाटकापर्यंत जायचे आणि तिथून सरळ डावीकडे वळायचे. डावीकडे चहाचं दुकान होतं. तिथे त्यांचा मित्र लाओ थान वाफाळत्या पावांची टोपली पुढ्यात घेऊन त्यांची वाट बघत बसलेला असायचा.

त्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. माणसाने छत्तीस वर्षं हमामखान्यात उभं राहून लोकांच्या पाठी घासल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा सकाळी बसायला मिळत होतं. मांसाचा पाव, टोफूचा बारीक कीस, वर काळं व्हिनेगर, आणि थानच्या थापा. असं असताना बागेत जाऊन एका पायावर उभं राहायला कोण जाईल?

पण मनाला टोचणी होती. म्हणून जाता-येता फाटकावरचा फलक ते नेमाने वाचत. मियाओबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका तिथे ताई-ची शिकवायच्या, आणि फलकही त्यांनीच रंगवून घेतला होता. श्वास पोटातून घ्या, अंगात कुठेही जोर नको, पाण्यासारखे व्हा. तीन महिन्यांत बाओशान यांना तो पाठ झाला होता आणि घरी ते त्यावर प्रवचन द्यायचे.

"पाण्यासारखं व्हायचं, रुईझेन. समोर खडक आला की भांडायचं नाही, बाजूने निघून जायचं."

"कळतंय," रुईझेन म्हणायची. "काल समोर खरकटी भांडी आली, तेव्हा तुम्ही तसेच निघून गेलात."

हे असंच सुखात चाललं असतं. पण शेन्झेनमध्ये मुलीला, यान्यानला, बाळ झालं. बाळ नऊ महिन्यांचं झालं आणि तिची नोकरी पुन्हा सुरू व्हायची वेळ आली. "आई, वर्षभर ये ना," ती रोज फोनवर म्हणू लागली. रुईझेनचं उत्तर ठरलेलं होतं. बाबांचं बीपी ताब्यात असेल, ते स्वतःकडे नीट बघतात अशी खात्री पटली, तरच येईन.

आणि ही खात्री उद्या सकाळी व्हायची होती.

बाओशान यांची झोप उडाली. लबाडी उघडी पडली तर रुईझेन आपल्याला एकटं सोडून जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रोज संध्याकाळी ती फोनच्या काचेवरून नातवाचे गाल कुरवाळायची. ते नातवाचे गाल आणि तिचा हात यांच्यामध्ये आपण खाल्लेले तीन महिन्यांचे पाव येणार, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर आपण एकटे कसे राहणार, हा विचारही मधूनमधून डोकवायचा, पण तो आला की ते कुशीवर वळायचे. काही झालं तरी तिला जायला मिळालं पाहिजे, एवढं त्यांनी ठरवलं.

भल्या पहाटे, "दूध संपलंय" असं काहीतरी पुटपुटत ते घराबाहेर पडले आणि थानच्या दारावर जाऊन धडकले.

"अरे, त्यात काय घाबरायचं?" थान जांभई देत म्हणाला. "मागच्या रांगेत, अगदी कोपऱ्यात उभा राहा. सगळे पुढे बघत असतात. मागच्या कोपऱ्याकडे कोण बघतोय? पुढचा हात वर करेल तेव्हा तूही वर कर. संपलं."

"तुला नक्की माहितेय ना?"

"वीस वर्षं मी त्या फाटकासमोर राहतोय!" थान म्हणाला. तो फाटकाच्या आत मात्र एकदाही गेला नव्हता, हे त्या घाईत दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सहा वाजता बाओशान बायकोसह बागेत शिरले. रुईझेन विलोच्या झाडाखाली दगडी बाकावर बसली. बागेत चाळीसेक माणसं रांगा लावून उभी होती. डाव्या हाताचा मागचा कोपरा रिकामाच होता. बाओशान यांना हायसं वाटलं. ते तडक चालत गेले आणि तिथे पाय रोवून उभे राहिले.

आजूबाजूला जरा चुळबुळ झाली. शेजारच्या बाईंनी त्यांना अदबीने मान लववली. बाओशान यांनीही लववली. मोकळ्या जागेत उभं राहण्याबद्दल एवढा आदर का, हे काही त्यांना कळलं नाही.

ताई-चीच्या मेळाव्यात नवखा कधीही मागे उभा राहत नाही. त्याला मधोमध घालतात. कारण मध्येच सगळ्यांनी पाठ फिरवायची असते, आणि पाठ फिरवली की मागची रांग पुढची होते. म्हणून चारही कोपऱ्यांवर मुरलेली माणसं ठेवतात. नवखा कुठेही वळला तरी त्याला बघायला कोणीतरी पुढे असतंच. मागच्या डाव्या कोपऱ्यावर गेली अकरा वर्षं लाओ फू उभे राहत. ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गेल्यापासून त्या जागी उभं राहायची कोणाची छाती झाली नव्हती. मागच्या रांगेतल्या बाकीच्यांनीही आपली नजर लावायला तोच कोपरा धरलेला असायचा. आज मात्र पांढऱ्याशुभ्र पोशाखातला एक धिप्पाड माणूस तिथे बेधडक जाऊन उभा राहिला होता. हा बाहेरगावचा मोठा उस्ताद असणार, असं सगळ्यांनी मनात धरलं.

मियाओबाईंनी पुढे हात उचलले आणि सगळं नि:शब्द सुरू झालं. त्यांच्याकडे गाणं नसे आणि आज्ञाही नसत. एकदा सुरू झालं की कोणी बोलायचं नाही आणि मध्ये थांबायचं नाही, श्वास तुटतो. डोकं घरी ठेवा आणि पुढच्याकडे बघा, हा त्यांचा नियम होता.

पहिला अर्धा भाग सुरेख पार पडला. पुढच्या बाईंनी हात उचलला की बाओशान उचलायचे. त्यांनी घोड्याची आयाळ विंचरली, बगळ्याचे पंख पसरले, अशीच त्या हालचालींची नावं असतात. एका डोळ्याने रुईझेनकडे बघितलं, ती टक लावून बघत होती. 'जमलं की रे, बाओशान!' ते मनात म्हणाले.

तेवढ्यात सगळी बाग सावकाश उलटी वळली.

बाओशानही वळले. समोर कोणी नव्हतं. कालवा होता, कालव्यात दोन बदकं होती. त्यांनी मान किंचित तिरपी करून मागे पाहिलं, तर चाळीस माणसं हात अर्धवट उचलून एकटक त्यांच्याकडेच बघत होती.

डोकं घरी ठेवा म्हणतात, पण बाओशान यांचं डोकं त्या क्षणी खरोखरच घरी निघून गेलं. फलकावरची एकही ओळ आठवेना. पाय मात्र उभे होते, आणि हातांना काहीतरी करायला हवं होतं. हातांना छत्तीस वर्षांत जे येत होतं तेच त्यांनी केलं.

त्यांनी उजव्या तळव्याभोवती नसलेला टॉवेल गुंडाळला. पाय फाकवले, गुडघे वाकवले आणि हवेतल्या एका पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत एक लांब, सावकाश हात फिरवला. मागे चाळीस टॉवेल गुंडाळले गेले आणि चाळीस पाठी घासल्या गेल्या. मग दुसरी बाजू. मग मणक्यावरून वरपासून खालपर्यंत. मग कोपराच्या आतली नाजूक जागा, जिथे हात हलका ठेवावा लागतो. एकदा सुरू झाल्यावर बाओशान यांना थांबता येईना, कारण निम्मी पाठ घासून गिऱ्हाईक सोडणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. शेवटी त्यांनी सवयीने दोन थापा मारल्या. हमामखान्यात त्याचा अर्थ 'उताणे व्हा' असा असतो.

चाळीस माणसांनी हवेत दोन थापा मारल्या. विलोच्या झाडाखाली कोणीतरी फोन वर धरून चित्रीकरण करत होतं.

उताण्या गिऱ्हाइकाची छाती, पोट आणि पावलं आटोपून बाओशान यांनी दोन्ही हातांनी बादली उचलली, हळूच पाणी ओतलं आणि टॉवेल पिळला. चाळीस टॉवेल पिळले गेले. मग सगळे सरळ उभे राहिले.

मियाओबाई रांगांमधून चालत आल्या. बाओशान यांनी पळून जायचा विचार केला, पण समोर कालवा होता.

"कुठे शिकलात?" मियाओबाईंनी विचारलं.

"हमामखान्यात. छत्तीस वर्षं पाठी घासल्या," बाओशान पुटपुटले.

"हे ताई-ची नव्हतं."

"नाही, बाई."

"पण असं बघा सगळ्यांनी!" मियाओबाई एकदम मागे वळून कडाडल्या. "पाय मुळासारखे रोवलेले. वळते ती कंबर, हात नुसता तिच्या मागून जातो. जोर कुठेच नाही आणि श्वास आपोआप खाली. वीस वर्षं मी घसा फोडून हेच सांगतेय! तुम्ही सगळे खांद्याने ढकलता. या माणसाला विचारा, खांद्याने घासलं असतं तर छत्तीस दिवस तरी टिकला असता का?"

"दुपारपर्यंतसुद्धा नाही," बाओशान प्रामाणिकपणे म्हणाले.

"माझा खांदा मोकळा झाला हो," शेजारच्या बाई म्हणाल्या. "त्या दोन थापांना तर इतकं बरं वाटलं!"

"तब्येत ठणठणीत आहे तुमच्या यजमानांची," मियाओबाईंनी बाकावरच्या रुईझेनला ओरडून सांगितलं. "बिनघोर राहा."

बाओशान यांना वाटलं, आता इथेच आडवं पडावं. सुटलो! रुईझेन जाऊ शकणार, नातवाला मांडीवर घेणार. ते घामाघूम चेहऱ्याने हसत तिच्याकडे गेले. तर रुईझेनचं तोंड एवढंसं झालेलं.

पुलापर्यंत ती तरातरा त्यांच्या पुढे चालत राहिली. पुलाच्या मध्यावर बाओशान यांनीच विचारलं, "मग काढायचं ना तिकीट?"

"काढा!" रुईझेन फाडकन म्हणाली. "काढा, काढा! हौस भागवा एकदाची! मला वाटलं होतं, आज तुम्ही आपटाल. निदान भलताच पाय तरी उचलाल. तीन महिने रोज सकाळी तुमच्या तोंडाला व्हिनेगरचा वास येतो, ते मला कळत नाही होय? ताई-चीला व्हिनेगर लागतं का?"

बाओशान यांनी पुलाचा कठडा धरला. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून! म्हटलं, बरंय, वेळेला उपयोगी पडेल. आज सगळ्यांसमोर पकडेन आणि पोरीला सांगेन, बाई गं, तुझ्या बापाचा भरवसा नाही, मी येत नाही. तर तुम्ही उस्ताद झालात!"

"पण तुला जायचंय ना? रोज फोनवर गाल..."

"गाल कुरवाळायला आठ दिवस जाईन की! वर्ष?" रुईझेनचा आवाज चिरकला. "सव्विसावा मजला, शेजारी कोणाला कोणाचं नाव ठाऊक नाही, जावई घरात मोजे घालून आवाज न करता फिरतो. आणि इथे तुम्ही वर्षभर खारवलेली अंडी खात बसणार. मला नाही जायचं. पण आजीच्या तोंडाने 'नाही' कसं म्हणू?"

बाओशान यांना रडू येतंय की हसू, ते त्यांना समजेना. "मलाही नको होतं गं तू जायला," ते म्हणाले. "रात्रभर झोपलो नाही मी."

"मग बोलायला काय झालं होतं तोंडाला?"

"पाण्यासारखं..."

"पाणी घाला चुलीत!"

तेवढ्यात फोन वाजला. यान्यान होती, आणि आनंदाने नुसती किंचाळत होती. "आई, बाबांचा व्हिडिओ आलाय! आपल्या गल्लीच्या ग्रुपवर! चाळीस माणसांच्या पुढे उभे आहेत, केवढे फिट दिसतायत! आता तू बिनधास्त ये. तिकीट मी इथूनच काढते."

बाओशान यांचा चेहरा पडला. रुईझेनने फोनवर तो व्हिडिओ उघडला आणि शेवटपर्यंत शांतपणे पाहिला. मग तिने एक लांबलचक सुस्कारा सोडला. इतका दु:खी सुस्कारा बाओशान यांनी लग्नापासून ऐकला नव्हता.

"पोरी, नीट बघ," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्याला तू ताई-ची म्हणतेस? तुझे बाबा सकाळी सकाळी बागेत उभे राहून हवेतल्या माणसांच्या पाठी घासतायत. बघ, आता बादलीने पाणी ओतलं. पुढे कालवा आहे गं. अशा माणसाला मी वर्षभर एकटं कसं सोडू?"

पलीकडे यान्यान व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघत असावी.

"आई," ती कापऱ्या आवाजात म्हणाली, "तू कुठेही जाऊ नकोस. मी दाई बघते. बाबांना सांभाळ."

रुईझेनने फोन पिशवीत टाकला आणि बाओशान यांच्या कोपराला धरलं.

"चला," ती म्हणाली. "मला भूक लागलीय. ते तुमचं पावांचं दुकान कुठेय, ते तरी दाखवा."