साळूबाईचं बीळ आणि शनिवारची भाकरी

एका जंगलात एक मोठा वड होता. बाळांनो, जरा सरकून बसा, वडावरही अशीच दाटी होती. वर घरटी, मध्ये ढोल्या, खाली मुळांत बिळं. सगळ्यांची मिळून सोसायटी झालेली. बुंध्यावर पाटी होती : ‘येथे प्राण्यांना मनाई आहे.’

पाटी लावली चेअरमन वराहरावांनी. ते रानडुक्कर होते. पाटी सगळ्यांनी वाचली, कुणाला काही खटकलं नाही. आसपासची कुत्री मात्र रान सोडून गेली.

एके दिवशी तिथे साळूबाई आली. जातीची साळिंदर, अंगभर काटे, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. जुनं बीळ वणव्यात गेलेलं आणि थंडी तोंडावर आलेली. सोबत भैरू नावाचा काळा कुत्रा. त्याच्या पाठीवर वेलीचा पट्टा, पट्ट्याचं टोक साळूबाईच्या हातात. खड्डा आला की भैरू थांबे. तो थांबला की ती थांबे.

“मुळातलं बीळ रिकामं आहे म्हणे. भाड्यानं मिळेल का?”

“तुम्हाला मिळेल,” वराहराव म्हणाले. “कुत्र्याला नाही. पाटी वाचली नाहीत?”

“दिसत नाही मला. म्हणून तर कुत्रा आहे.”

“कुत्रा घाण करतो,” वराहराव म्हणाले. ते नुकतेच चिखलात लोळून आले होते.

“शिवाय ओरडतो,” सेक्रेटरी टिटवीबाई म्हणाल्या. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की वरच्या मजल्यावरची घुबडं भरदिवसा जागी झाली.

“तो हौसेनं पाळलेला नाही हो. तो माझे डोळे आहे.”

“मग डोळे बाहेर बांधा आणि तुम्ही आत या. ओढ्यावर आम्ही नेऊ हात धरून. आम्ही काय माणसं आहोत, इतकं निर्दय व्हायला?”

असं म्हणून वराहरावांनी तिचा हात धरला. चार पावलं गेले असतील नसतील, मांडीत काटा शिरला. त्या दिवसापासून वराहराव सोसायटीच्या सभा उभ्यानं घेऊ लागले, आणि बिळाचा विषय पुन्हा निघाला नाही.

साळूबाई गाठोडं घेऊन वडाखालीच बसली. भैरू पायाशी. नामस्मरण करावं, गार वारा सुटला की अंग आखडून घ्यावं. देव बघतोय, म्हणायची. कुणीतरी बघायला हवंच होतं.

आता वराहरावांच्या पत्नी, वराहीणबाई. यजमान पुन्हा चेअरमन व्हावेत म्हणून त्यांनी शनिवार धरले होते. उद्यापनाचा दिवस आला. काळ्या कुत्र्यानं तेल लावलेली भाकरी खायची, मग उपास सोडायचा, मगच व्रताचं फळ. दुपार कलली. कुत्रा कुठेच मिळेना.

“अहो, कुत्री कुठं गेली सगळी?”

“घालवली,” वराहराव अभिमानानं म्हणाले. “ते सांगूनच तर मतं मागतोय.”

वराहीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि ताट घेऊन थेट वडाखाली आल्या. भैरूपुढे भाकरी ठेवली. भैरूनं तोंड फिरवलं.

“साळूबाई, अगं खात का नाही हा?”

“पट्टा आहे ना पाठीवर, वहिनी. म्हणजे कामावर आहे. कामावर असताना तो परक्याच्या हातचं घेत नाही.”

“मग काढ की पट्टा.”

“काढते ना. रोज काढते. घरी गेल्यावर.”

“घर कुठाय तुझं?”

“तेच तर मी विचारत होते, वहिनी.”

वराहीणबाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. दिवसभराची उपाशी बाई, बाळांनो. वराहरावांनी लंगडत जाऊन बिळाच्या तोंडावरचा धोंडा बाजूला केला.

साळूबाई आत गेली. भिंती चाचपल्या. चुलीचा कोपरा ठरवला. पट्ट्याला मात्र हात लावला नाही.

“आता काय राहिलं?” वराहीणबाई कळवळल्या.

“भाड्यानं दिलंय, की भाकरीपुरतं? भाकरीपुरत्या घरात तो जेवत नाही.”

वराहराव भाकरीकडे बघत राहिले. भाकरीच्या जागी त्यांना खुर्ची दिसू लागली.

“राहा,” ते म्हणाले. “दोघंही राहा.”

पट्टा सुटला. भैरूनं अंग झाडलं, भाकरी खाल्ली, आणि दुसरी आहे का म्हणून वर पाहिलं. वराहीणबाईंनी त्याला नमस्कार केला आणि उपास सोडला.

वराहराव निवडून आले. समोर कुणी उभंच नव्हतं, पण श्रेय व्रताला मिळालं. पाटीवर एक ओळ वाढली : ‘व्रताला लागणारे प्राणी सोडून.’ पुढच्या शनिवारी टिटवीबाईही ताट घेऊन साळूबाईच्या दारात आल्या. मागे मोठी रांग.

“एकेक जण या गं,” साळूबाई आतून म्हणाली. “आणि जपून, काटे आहेत. हात धरून आणायला भैरू मोकळा नाही, तो जेवतोय.”

जशी तिला ऊब मिळाली तशी दारोदार फिरणाऱ्या सगळ्यांना मिळो.

तात्पर्य : जागा मागताना आपली अडचण सांगू नये, ती कुणाला कळत नाही. मालकाची अडचण होईपर्यंत दारात बसावे आणि देवाचे नाव घ्यावे. कुत्रा मात्र काळाच निवडावा.