ताळेबंदाच्या चहाची हकीकत

श्री. विघ्नें हरणारे आणि बेरजा मिळविणारे गजानन, त्यांस दंडवत घालोन लेखणी हातीं धरिली.

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरीं, फाल्गुन वद्यांत एके पेठेंत बंधुमंडळाचें राज्य नांदत होतें. मुलूख म्हणाल तर एक दिवाणखाना, तो लग्नकार्यास भाड्यानें द्यावा. वसूल म्हणजे बंधूंची वर्गणी. आणि खर्च आजारी बंधूंस औषधपाणी व गरीब पोरांस वह्यापुस्तकें. खजिनदार विश्वनाथपंत टिल्लू. खजिना पत्र्याचे पेटींत, आणि पेटी पंतांचे घरीं देव्हाऱ्याखालीं बारा वर्षें ठाण मांडोन बसलेली. राज्याचा कायदा ऐसा कीं, ज्या सालीं जमाखर्च पैशापैशास मिळेल त्याच सालीं खजिनदारास मोकळीक; आणि तो कधींच मिळाला नव्हता. त्या दिवशीं पंतांची बाइको उमाबाई यांणीं निक्षून सांगितलें कीं, पेटी आज परत आली तर मी माहेरीं चाललें. पंत मनांतून फार भ्याले.

मग सभा भरली, आणि पंतांनीं ताळेबंद वाचिला, आणि बेरीज दोहीं अंगीं एक आली, आणि पंतांचे डोळां पाणी उभें राहिलें. मग अध्यक्ष घोसाळकर सरकार संतोष पावोन आज्ञा करिते जाहले कीं, ऐसा योग पुन्हा नाहीं, सकळांस मंडळाचे खर्चें चहा व बटाटेवडे द्यावे. वडे आले, फस्त जाहले, मागाहून बिल आलें, आणि तितकीच तूट पडली. पंतांनीं धीर न सोडितां बिल पदरचें भरिलें, देणगीची पावती फाडिली, आणि सुटलों म्हणोन पेटीची किल्ली काढिली. तों चिटणीस उठले आणि आठवण देते जाहले कीं, देणगीदारास शाल-श्रीफळ दिल्यावांचून सभा उठत नाहीं.

पंत काकुळतीस येवोन म्हणाले, "सरकार, मला शाल नको. मला नुसतें घरीं जाऊं द्या."

सरकार म्हणाले, "पंत, विनय पुरे. रिवाज तो रिवाज."

शाल आली, तीही मंडळाचे खर्चें, आणि टाळ्या पडल्या, आणि तूट पुन्हा उभी राहिली. आतां पुन्हा देणगी द्यावी तर पुन्हा शाल, हें पंतांस उमजलें आणि ते किल्ली परत खिशांत घालोन खालीं बसले.

सायंकाळीं पंत खांद्यावर शाल, काखेंत पेटी ऐसे दारीं आले. उमाबाईंची बॅग भरलेली होती. पंतांनीं सारें सांगितलें. उमाबाई रागें भराव्या, त्या हंसूंच लागल्या, आणि बॅग आंत नेवोन म्हणाल्या, "पुढल्या सालीं सभेस मी येत्यें. चहा घरून न्यायचा, आणि पावती फाडायची नाहीं."

येणेंप्रमाणें साल आटोपलें. आजाऱ्यांस औषध पोंचलें, पोरांस वह्या पोंचल्या, खजिनदार तेच राहिले. पेटी देव्हाऱ्याखालीं आहे, आणि शाल पेटीवर.