बावीस बाक आणि एक तळं

एका जंगलात, बाळांनो, एक विद्यापीठ होतं. हसू नका. नीट बसा आणि ऐका.

तिथं सदोबा नावाचे कासवगुरुजी पोहायला शिकवायचे. खोली क्रमांक सात त्यांची. बावीस बाक, बावीस पोरं. बदकांची, बेडकांची आणि एक पाणमांजराचं. दहाला खोलीत धडा. अकराला सगळी तळ्यावर. जाताना दप्तरं पाठीला, बाक पुसलेले, खिडकी बंद. ही सदोबांची शिस्त. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखालचं एकही पोर बुडालं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता. असायलाच हवा.

एकदा सिंहमहाराजांच्या कानावर आलं की विद्यापीठात जागा पुरत नाही.

"कोण किती जागा वापरतो, मोजा," महाराज म्हणाले.

मोजायला बगळेसाहेब नेमले गेले. त्यांना एका पायावर तासभर उभं राहता येतं, म्हणून.

साहेब अकराला फिरत. ज्या खोलीचे बाक तीनदा रिकामे सापडतील, ती खोली जाणार.

खोली सहा कोल्हेसरांची. तिथं दोन वर्षांत एकही तास झाला नव्हता. पण प्रत्येक बाकावर रुमाल होता.

"जागा धरलेली आहे," साहेब म्हणाले आणि 'पूर्ण भरलेली' असं लिहिलं.

मग खोली सात. "बाक बावीस. भरलेले शून्य."

सदोबा धापा टाकत तळ्यावरून आले. "साहेब, पोरं पाण्यात आहेत. चला, दाखवतो."

"तळं माझ्या तक्त्यात नाही."

"मग घ्या की तक्त्यात! खरं शिकवणं तिथंच चालतं."

"सुचवून ठेवतो," साहेब म्हणाले. आणि खरंच लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशीही शून्य.

संध्याकाळी खारूताई आली. ती कचेरीत कारकून. "गुरुजी, उद्या तिसरी खेप. कोल्हेसर तुमच्या फळ्याचं मापसुद्धा घेऊन गेले."

"घेऊ दे."

"अहो, बावीस रुमाल टाकले तर अंगाला भोकं पडतात का? मी देते आणून."

"पोर नाही तिथं पोराचा रुमाल? मी कासव आहे, खारूताई. कोल्हा नाही."

"तुमचं बरंय. तुम्ही घर पाठीवर घेऊन फिरता. पोरांनी धडा कुठं गिरवायचा, चिखलात?"

हे मात्र सदोबांना लागलं.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजले. पोरं दप्तरं उचलून उठली.

"बसा," सदोबा म्हणाले. "आज बाकावरच पोहायचं."

बावीस पोरं बाकांवर पालथी पडली आणि हवेत पाय मारू लागली.

"गुरुजी, पाणी लागत नाहीये," बेडकाचं पोर म्हणालं.

"लागेल. पाय मार."

दारातून बगळेसाहेबांनी मान घातली. "वा! शंभर टक्के."

खोली वाचली. पण साहेब पुन्हा कधी उगवतील याचा नेम नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशीही बाकावरच. मग आठवडाभर. मग महिनाभर. एकदा हे मोजणं संपलं की तळ्यावर जाऊ, असं सदोबा रोज स्वतःला सांगत.

एके दिवशी तळ्याकडून धप धप आवाज आला. सदोबा निघाले. त्यांची चाल तुम्हाला ठाऊक आहे. पोचेपर्यंत हत्तींनी माती टाकून अर्धं तळं बुजवलं होतं. काठावर साहेब एका पायावर उभे.

"साहेब, हे काय?"

"तळं तक्त्यात घेतलं. तुमचीच सूचना. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा रिकामं."

"आणि आता इथं?"

"जागामापन भवन. आमच्या कचेरीला जागा पुरत नाही हो."

सदोबांनी मान आत ओढून घेतली.

भवन उभं राहिलं. दोनशे खुर्च्या, दोनशे रुमाल. सदोबांना प्रशस्तिपत्र मिळालं. ते खोली सातमध्ये टांगलंय. त्याच्याखाली बावीस पोरं हवेत पाय मारतात. एका तालात. बघायला छान वाटतं.

यंदा बदकाचं एक नवं पिल्लू आलं. त्यानं विचारलं, "गुरुजी, पाणी म्हणजे काय हो?"

"परीक्षेला नाही ते," सदोबा म्हणाले.

तात्पर्य : बाळांनो, खिशात नेहमी स्वच्छ रुमाल बाळगावा, आणि जिथं आपण जाणार नाही तिथं तो आधी टाकून यावा. खरं बोलायचा मोह झालाच, तर समोरच्याच्या हातात तक्ता नाही ना, एवढं बघावं.